झोपलेला काटा

संदेश आला तेव्हा तिच्या एका हातात चहाचा कागदी पेला होता आणि दुसऱ्या हातात कुणाच्या तरी प्रवासवर्णनाची प्रुफं. टेबलावर पालथा पडलेला फोन थरथरला, लाकडावरून बोटभर सरकला आणि उताण्या किड्याने पाय झाडून थांबावं तसा गप्प झाला. तिने तो उलटा केला. 'आपला प्रलंबित रक्ततपासणी अहवाल उपलब्ध झाला आहे. पाहण्यासाठी येथे स्पर्श करा.' खाली बाबांचं नाव, नावापुढे वय. वय तेच होतं. ते आता बदलणारही नव्हतं. तिने पेला हळूच खाली ठेवला. चहा सांडला नाही. बाबांना जाऊन पंधरवडा होत आला होता आणि या पंधरवड्यात आपले हात किती सरळ चालतात याचंच तिला नवल वाटत राहिलं होतं. भेटायला येणाऱ्यांना पाणी दिलं, चादरी धुतल्या, बाबांच्या चपला कुठे ठेवायच्या हे ठरेना म्हणून त्या होत्या तिथेच राहू दिल्या. आणि आता हा अहवाल. कोणता, ते तिला लगेच कळलं. शेवटच्या सकाळी काढलेलं रक्त. त्या दुपारी सगळं संपलं, आणि मग त्या रक्ताचं काय झालं हे विचारायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. कुठल्याशा फ्रिजमध्ये, कुठल्याशा यंत्राच्या रांगेत ते उभं राहिलं असणार, आपला मालक गेल्याचं ठाऊक नसलेलं.

तिने बोट पुढे केलं आणि मागे घेतलं. अहवालातला आकडा वर गेलेला असेल, तर बाबांचं औषध थांबवायला नको होतं. आकडा खालीच असेल, तर औषध थांबवण्यात काही चुकलं नव्हतं, बाबा आणखी कशाने तरी गेले. म्हणजे या काचेच्या मागे दोनच गोष्टी होत्या आणि त्यांतली कुठली हवी हे तिला ठरवता येईना. पहिली असेल तर तिला आयुष्यभर पुरेल असं काहीतरी मिळणार होतं. दुसरी असेल तर काहीच मिळणार नव्हतं, आणि ते जास्त भयंकर वाटत होतं.

"काय हो, बँकेचा मेसेज? चेहरा तसाच झालाय," पलीकडच्या टेबलावरून स्वल्पविराम म्हणाले. ते प्रकाशनातले सगळ्यांत जुने मुद्रितशोधक. बोलताना मध्येच श्वासाला थांबायचे, म्हणून पूर्वीच्या कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते त्यांनी इतक्या आनंदाने स्वीकारलं की फोनवरही तसंच सांगायचे. "नाही, असाच," ती म्हणाली. त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "घरी जायचं तर, जा. हे गृहस्थ अजून, वाळवंटातच आहेत. उद्यापर्यंत बाहेर पडत नाहीत." तिला हसू आलं. प्रवासवर्णनातले गृहस्थ खरोखरच वाळवंटात अडकले होते आणि पाणी संपल्याचं पुन्हा पुन्हा, दर वेळी नव्या विशेषणाने सांगत होते. तिने पेन्सिल उचलली. फोन पुन्हा पालथा ठेवला, यावेळी दोन शब्दकोशांच्या मध्ये, म्हणजे थरथरला तरी सरकणार नाही.

आकडा. घरात त्याला सगळे आकडाच म्हणायचे, बाबा सोडून. बाबा त्याला काटा म्हणत. त्याचं खरं नाव प्रोकॅल्सिटोनिन. वॉर्डातल्या तरुण डॉक्टरने ते पहिल्यांदा उच्चारलं तेव्हा बाबांनी ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून विचारलं होतं, "परत एकदा?" डॉक्टरने परत सांगितलं. "राहू दे," बाबा म्हणाले, "एवढं म्हणेपर्यंत माझा दम जाईल. ते सांगतं काय, ते सांग." डॉक्टर खाटेजवळ सरकली. तिच्या कोटाच्या खिशात पेनाची शाई गळून निळा डाग पडला होता आणि तो ती सारखी हाताने झाकायची. बाबांच्या फुप्फुसात जंतू शिरलेत, तिथून ते रक्तात गेलेत, ती सांगत होती. असा संसर्ग झाला की रक्तात हे द्रव्य वाढतं. औषध लागू पडलं की उतरू लागतं. पूर्वी अँटिबायोटिक ठरावीक मुदतीपर्यंत देत राहायचे, डोळे झाकून. आता हे मोजत राहायचं आणि पुरेसं उतरलं की औषध थांबवायचं. जास्त दिलेलं अँटिबायोटिक फुकट जात नाही, अंगात काहीतरी बिघडवून जातं. पोट बिघडतं, मूत्रपिंडं थकतात, उरलेले जंतू शहाणे होतात. "आणि शून्य?" बाबांनी विचारलं. "शून्य कुठे धरता?" डॉक्टर थबकली. रोग्यांचे नातेवाईक 'वाचतील ना' विचारतात. शून्याची चौकशी तिच्याकडे कुणी केली नसावी. "निरोगी माणसात जवळजवळ शून्यच असतं, काका." बाबांनी समाधानाने मास्क नाकावर ओढून घेतला. मास्कमधून त्यांचा आवाज डब्यातून आल्यासारखा आला. "मग चांगला आहे तुमचा काटा. शून्यावर परत येतो तो काटा प्रामाणिक."

बाबांचं सगळं आयुष्य काट्यांत गेलं होतं. कारखान्यातल्या बॉयलरांवरचे, नळांवरचे, टाक्यांवरचे दाबाचे गेज त्यांच्या खोलीत यायचे, रुग्ण आल्यासारखे, प्रत्येकाच्या मानेला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. लहानपणी सुट्टीच्या दिवशी ती त्यांच्याबरोबर जायची. तेलाचा आणि तापलेल्या पितळेचा वास असलेली ती अरुंद खोली, एका भिंतीभर गोल काचा, आणि प्रत्येक काचेत एक काळा काटा, कुठे थरथरणारा, कुठे मान टाकलेला. बाबा कुठलाही गेज वाचण्याआधी मधल्या बोटाचं पेर काचेवर हलकेच ठोकायचे. टक. एकदाच. कधी काटा जागचा हलायचा नाही, कधी झोपेतून दचकल्यासारखा केसभर पुढे सरकायचा. "आतल्या कळा अडकून बसतात," ते सांगायचे, "काटा झोपतो. झोपलेल्याला काही विचारलं तर तो काहीतरी बरळणार. आधी उठवायचं, मग विचारायचं." तिने उंच स्टुलावर उभं राहून सगळ्या भिंतीवरचे काटे उठवले होते, टक, टक, टक, आणि उठलेल्या काट्यांच्या खोलीत एकदम कुणीतरी जागं असल्यासारखं वाटलं होतं.

पण हे 'वाटलं' घरात चालायचं नाही. डोकं दुखतंयसं वाटतंय, ताप असल्यासारखं वाटतंय, असं कुणी म्हटलं की बाबांची भुवई वर जायची. "वाटतंय म्हणजे? लाव थर्मामीटर." आईला पाणी गरम झाल्यासारखं वाटायचं, दादाला पेपर बरा गेल्यासारखा वाटायचा, सगळ्यांना एकच उत्तर. एकदा शाळेतून आल्यावर ती म्हणाली होती की बाई आज तिच्यावर रागावल्यासारख्या वाटल्या, तर बाबा गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "किती? दहापैकी?" आणि तिने खरोखरच विचार करून "सहा" म्हटलं होतं. बाबा पोट धरून हसले होते. यात कडकपणा नव्हता. खेळ होता, घरातल्या घरात चालणारा. पण खेळत खेळतच ती मोठी झाली आणि कधीतरी, नकळत, वाटण्यावर तिचा विश्वास उरला नाही. पुस्तकांत माणसांना काय काय वाटतं ते ती ढीगभर वाचायची. स्वतःला काही वाटलं की आधी त्याला मापायला काहीतरी शोधायची आणि सापडलं नाही की ते वाटणं मुकाट्याने खाली ठेवून द्यायची.

वॉर्डात बाबांच्या खाटेशेजारी ऑक्सिजनचं उंच नळकांडं उभं होतं आणि त्याच्या माथ्यावर, नेमका बाबांच्या डोळ्यांसमोर, एक गोल काचेचा गेज. पहिल्या दिवशी, धड श्वास घेता येत नव्हता तेव्हाही, बाबांनी हात वर करून त्या काचेपर्यंत न्यायचा प्रयत्न केला होता. सिस्टरला वाटलं ते नळी ओढताहेत, ती ओरडली. मग ते काम मुलीकडे आलं. ती भेटीच्या वेळी गेली की बाबा आधी डोळ्यांनी गेजकडे खूण करायचे. ती पेराने काच ठोकायची. टक. बाबा काटा पाहायचे, मान हलवायचे, आणि मगच "आईने जेवण केलं का" वगैरे सुरू व्हायचं. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या शिंप्याने एकदा विचारलं, "काय हो, देवाला घंटा वाजवल्यासारखं काय ते?" बाबा म्हणाले, "घंटाच. फक्त आमचा देव झोपाळू आहे."

आणि आकडा उतरत होता. आधी चौदा होता, तेव्हा डॉक्टर खाटेच्या कडेला टेकायची नाही, उभ्यानेच बोलायची. मग सहा झाला. मग दोनाच्या जरा वर. ती संध्याकाळी घरी आली की आई दारातच, "आज किती?" आईचा गुडघा दुखरा, इस्पितळाचे जिने तिला चढवायचे नाहीत, त्यामुळे तिच्यासाठी बाबा म्हणजे तो आकडाच होऊन बसला होता. "दोन पॉइंट एक." "कमी म्हणजे चांगलं ना गं?" "हो आई, कमी म्हणजे चांगलं." "यांचं सगळं उलटंच. जन्मभर पोरांच्या मार्कांसाठी जीव टाकला, आता म्हणे नापास झालात की घरी सोडू." आणि स्वतःच्याच विनोदाला हसून आई आत जायची आणि नळ सोडून थोडा वेळ उगीच उभी राहायची. दादा दूरच्या शहरातून फोन करायचा. त्याला फक्त आकडा हवा असायचा. बाबा काय बोलले, कसे दिसले हे ती सांगू लागली की तो म्हणायचा, "ते ठीक आहे, पण नंबर काय?" तिला त्याचा राग यायचा नाही. तो त्याच घरात वाढला होता.

मग तो दिवस. आकडा शून्य पॉइंट पाचच्याही खाली आला. डॉक्टर हसतच आली, कोट नवा होता. ताप नव्हता, छाती बरीच मोकळी होती, ऑक्सिजन पुष्कळ कमी केला होता. "काका, आज अँटिबायोटिक बंद करायचा विचार आहे," ती म्हणाली. बाबांनी अंगठा वर केला. फोनवर दादा होता, तो म्हणाला, "दोन दिवस जास्त दिलं तर काय बिघडतं? असू दे की." डॉक्टरने न कंटाळता पुन्हा सगळं समजावलं. पोट, मूत्रपिंडं, शहाणे झालेले जंतू. "आणि आकडा एकटा काही ठरवत नाही," ती म्हणाली, "मी काकांना तपासते, छाती ऐकते, मग आकडा." आणि मग, फोन तिच्या हातात परत देताना, सहज, अगदी सहज तिने विचारलं, "तुम्हाला कसे वाटताहेत? तुम्ही रोज बघता त्यांना."

तिला काहीतरी वाटलं होतं. आत शिरल्या शिरल्या. बाबा उशीला टेकून बसले होते, दाढी केलेली, चेहरा स्वच्छ. "आलीस?" म्हणाले. आणि गेजकडे खूण केली नाही. ती थोडा वेळ वाट पाहत उभी राहिली. बाबा खिडकीबाहेर पाहत होते. तिथे काही नव्हतं, समोरच्या इमारतीची मागची भिंत आणि तिच्यावरून उतरलेले पाइप. तिने स्वतःच काच ठोकली. टक. बाबांनी मान वळवली नाही. बस, एवढंच. हे डॉक्टरला काय सांगणार? आज बाबांनी काटा उठवायला सांगितला नाही? ही काय तक्रार झाली? याचं माप काय, दहापैकी किती? शिंपी जागा होता, दादा फोनवर होता, डॉक्टर वाट पाहत होती, तिच्यामागे आणखी कितीतरी खाटा वाट पाहत होत्या. "आकडा चांगला आहे ना," ती म्हणाली. डॉक्टर म्हणाली, "खूपच." आणि तिने मान हलवली. मान हलवली नसती तरी डॉक्टरने तेच केलं असतं, हे तिला माहीत होतं. बरोबरच केलं असतं. तरी मान हलवली ती तिनेच.

"तुमचा फोन, मघापासून, शब्दकोशांना गुदगुल्या करतोय," स्वल्पविराम म्हणाले. दादाचा होता. ती जिन्यात गेली. जिन्यात कागदाच्या गठ्ठ्यांचा दमट वास होता. आईला काही दिवस त्याच्याकडे पाठवावं असं दादा म्हणत होता. हवापालट होईल. मुलं आजी-आजी करताहेत. ती हो हो म्हणत राहिली. दादाच्या बाजूला कुठेतरी दार वाजलं. "शेवटची एक टेस्ट केली होती ना?" तो म्हणाला. "त्याचं काही कळलं का?" तिच्या पाठीला जिन्याची भिंत गार लागली. "अजून नाही," ती म्हणाली. हे खोटंही नव्हतं. "मी काही म्हणत नाहीये हं," दादा म्हणाला. "मला माहितीये." "म्हणजे दोन दिवस जास्त दिलं असतं तर वगैरे, मी तसलं काही म्हणत नाहीये." "माहितीये रे दादा." "तू होतीस तिथे. मी नव्हतो. मी कुठल्या तोंडाने म्हणणार?" त्याचा आवाज फाटला आणि त्याने खोकून तो सांधला. आकडा कळला असता तर दादाला निदान एक दिशा मिळाली असती, रडायला किंवा भांडायला, असं तिच्या मनात आलं. आणि तरीही तिने सांगितलं नाही, की तो इथे आहे, माझ्या कानाला लागून, याच फोनमध्ये, ज्यातून तू बोलतोयस.

संध्याकाळी ती चालतच निघाली. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापुढे गर्दी होती, आईच्या गुडघ्याचं मलम घ्यायचं होतं म्हणून ती उभी राहिली. तिच्या पुढच्या माणसाने रिकामी चकचकीत पट्टी काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, "हीच. चारच द्या. गेल्या खेपेला दोनांतच बरं वाटलं होतं." दुकानदाराने न पाहता कात्रीने पट्टी कापली. पट्टीवरचं नाव तिने वाचलं. बाबांना शिरेतून द्यायचे त्याच्याच नात्यातलं काहीतरी होतं, शेवटची अक्षरं तीच. बरं वाटलं होतं. या माणसाला वाटत होतं, आणि त्या वाटण्यावर तो बेधडक औषध घेत होता, थांबवत होता, पुन्हा घेत होता, आणि खोकत खोकत आपल्या पायांनी चालत होता. तिला त्याला थांबवून काहीतरी सांगावंसं वाटलं. काय सांगावं ते सुचेना. थांबवा, की थांबवू नका? ज्या गोष्टी तिला वॉर्डात समजावून सांगितल्या होत्या त्या सगळ्या खऱ्या होत्या. त्या अजूनही खऱ्या होत्या. एखाद्या रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या बरोबर असाव्यात आणि गावच जागेवर नसावं, तसं झालं होतं.

औषध थांबवल्यावर एक दिवस बाबा चांगले होते. शिंप्याशी कापडाबद्दल बोलले. दुसऱ्या संध्याकाळी त्यांना थंडी वाजली. डॉक्टरने वेळ घालवला नाही, आकड्यासाठी थांबली नाही, औषध लगेच पुन्हा सुरू केलं. सकाळी ती पोचली तेव्हा रक्त काढायचं चाललं होतं. शीर सापडत नव्हती. सिस्टर कोपराच्या वळणात, मनगटावर, हाताच्या पाठीवर बोटाने चाचपत होती, थापट्या मारत होती. बाबांचे हात इतके दिवस टोचून टोचून निळे-पिवळे झाले होते. "विहीर आटली की काय, काका?" सिस्टर म्हणाली, दुसरं काय म्हणणार. बाबा डोळे मिटूनच म्हणाले, "आधी ठोक. मग विचार." सिस्टरला कळलं नाही. तिला कळलं, आणि इतका आनंद झाला की ती जवळजवळ हसली. बाबा जागे होते. कसेबसे थोडे थेंब नळीत उतरले, गडद, आळसावलेले. तेवढ्यावर भागेल, सिस्टर म्हणाली आणि घाईने गेली. मग श्वास. मग पडदा ओढून घेतला गेला आणि ती पडद्याच्या अलीकडे उभी राहिली, शिंप्याच्या खाटेला धरून. दुपारी डॉक्टर बाहेर आली. संसर्ग उलटला असेल, हृदय थकलं असेल, फुप्फुसात रक्ताची गाठ अडकली असेल. "नक्की नाही सांगता येणार," ती म्हणाली आणि तिला घेऊन तिथेच बाकावर बसली. त्या तरुण मुलीचं दुखणं तिला दिसत होतं आणि त्याचंही ती काही करू शकत नव्हती.

घरात दिवा लागलेला होता. आईने दार उघडलं आणि सवयीने तिचे ओठ हलले. आज किती, असं विचारायला ते अजून हलायचे आणि मग जागच्या जागी मिटायचे. ती आत येऊन चपला काढू लागली. दारामागच्या भिंतीवर कारखान्याने टाकून दिलेला एक हवादाबमापक बाबांनी दुरुस्त करून लावला होता. आईने जाता जाता त्याची काच पेराने ठोकली. टक. इतक्या वर्षांत आईने त्या यंत्राकडे धूळ पुसण्यापलीकडे पाहिलं नव्हतं. "काय सांगतोय?" तिने विचारलं. "मला काय कळतंय त्यातलं," आई म्हणाली. "ते उठवायचे रोज. आता नाही उठवलं तर झोपूनच राहील, म्हणून."

ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जमिनीवरच बसली. "आई, तो शेवटचा रिपोर्ट आलाय." आईच्या हातातला कपडा थांबला. "शेवटचा म्हणजे? त्या दिवशीचा?" "हो." "मग? किती आहे?" "मी बघितला नाही." आई सावकाश, गुडघ्यावर हात ठेवून, तिच्यासमोर स्टुलावर बसली. "सकाळपासून?" "सकाळपासून." आई रागावली नाही. "जास्त असला तर काय," तिने विचारलं, "आणि कमी असला तर काय?" तिने सांगितलं. जमेल तितकं साधं करून सांगितलं, डॉक्टरने तिला सांगितलं होतं तसं. आईने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "तुला त्या दिवशी काही वाटलं होतं का?" इतक्या सगळ्यांत हे कुणी विचारलं नव्हतं. त्या एका डॉक्टरशिवाय. तिचं तोंड उघडलं आणि तिला गेज सांगता आला नाही, खिडकी सांगता आली नाही. तिने फक्त मान हलवली. हो की नाही ते आईला कळलं असेल नसेल. आईने हात पुढे केला. "आण इकडे."

फोन आईच्या तळहातावर एखाद्या आजारी पाखरासारखा उजळला. चष्मा बाहेरच्या खोलीत होता. आईने डोळे बारीक केले, फोन लांब धरला, जवळ आणला, आणि मग उजव्या हाताचं मधलं बोट वाकवून काचेवर हलकेच ठोकलं. एकदाच. पडदा पांढरा झाला, एक लहानसं वर्तुळ फिरत राहिलं आणि अहवाल उघडला. "उघडलं वाटतं," आई म्हणाली. "वाच. किती आहे?"

वर बाबांचं नाव होतं, वय होतं. खाली तपासणीचं ते लांबलचक नाव, जे म्हणेपर्यंत बाबांचा दम जाणार होता. त्याच्यापुढे आकड्याची चौकट. चौकट रिकामी होती. तिने पुन्हा पाहिलं. चौकटीखाली बारीक अक्षरांत एक ओळ होती. तिने ती मोठ्याने वाचली, कारण आई तोंडाकडे पाहत होती आणि दुसरं काही वाचण्यासारखं तिथे नव्हतं. "रक्त अपुरे असल्याने तपासणी होऊ शकली नाही. कृपया नमुना पुन्हा पाठवावा."

बाहेरच्या रस्त्यावरून कुणीतरी कुणाला तरी हाक मारत गेलं. मग आई म्हणाली, "आता कुठून आणायचं?" घरातली एखादी वस्तू संपली आणि दुकान बंद झालेलं असलं की ती ज्या स्वरात म्हणायची त्याच स्वरात, आणि तिच्याकडे पाहत राहिली, उत्तराची खरोखर वाट बघत.

तिने आईच्या हातातला फोन घेतला. मधल्या बोटाचं पेर काचेवर ठोकलं. काही हललं नाही. काटा झोपतो कधी कधी, म्हणून तिने पुन्हा ठोकलं, लागोपाठ दोनदा, आणि थांबून पाहिलं. अक्षरं तेवढी मोठी झाली.